मोठ्या वयाचे दत्तक मूल : परदेशाच्या वाटेवरचे पहिले पंधरा दिवस

रायपूर – दत्तक मूल म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दुपट्यात गुंडाळलेले तान्हे बाळ उभे राहते. प्रत्यक्षात घराची सर्वाधिक निकड असते ती सहा, आठ, अकरा वर्षांच्या मुलांना. त्यांना स्वतःचे नाव ठाऊक असते, संस्थेतील आपली खाट कोणती हे ठाऊक असते आणि सोडून गेलेल्या माणसांचे चेहरेही आठवत असतात. अशा मुलांना देशात घर मिळणे कठीण जाते. म्हणून त्यांतील काहींच्या वाट्याला इटली, स्पेन किंवा अमेरिकेतील घर येते. कागदोपत्री ती त्या घराची होतात. परंतु मनाने होणे ही निराळी गोष्ट आहे आणि तिची सुरुवात परदेशातील घरात होत नाही. ती होते भारतातच, विमानात बसण्यापूर्वीच्या दहा-पंधरा दिवसांत, बहुधा एखाद्या अतिथिगृहाच्या खोलीत.

हा विषय प्रस्तुत लेखिकेपर्यंत पोहोचला तो एका छोट्या कामाच्या निमित्ताने. रायपुरातील तात्यापारा ही जुनी मराठी वस्ती. येथे घराघरांत मराठी, दारात हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी असा तीन भाषांचा नित्य व्यवहार चालतो. बातम्यांचे भाषांतर हा माझा व्यवसाय असल्याने एका परिचितांनी विचारणा केली : एक युरोपीय दांपत्य आठ वर्षांच्या मुलीला नेण्यासाठी शहरात आले आहे, कागदपत्रांची प्रतीक्षा करीत आहे आणि त्यांना मुलीच्या भाषेतील पन्नास शब्द हवे आहेत. त्यांनी आपली यादी आधीच पाठविली होती. तीत ‘सुंदर’, ‘प्रेम’, ‘घर’, ‘आनंद’ हे शब्द होते. ‘दुखते’, ‘शू लागली’, ‘भीती वाटते’, ‘नको’ आणि ‘पुरे’ हे शब्द नव्हते.

मुलगी छत्तीसगढी बोलणारी होती. पोटात दुखू लागले तर ती ‘पेट पिराथे’ म्हणणार, हे त्या दांपत्याला कोणी सांगितले नव्हते. त्यांनी मोठ्या चिकाटीने पाठ केलेली पुस्तकी हिंदी वाक्ये त्या मुलीला वर्गातील बाईंच्या भाषेसारखी वाटली असतील, तर नवल नाही.

दत्तकाची जुनी ओळख

खरे तर ‘दत्तक’ हा शब्द तात्यापाऱ्यासारख्या वस्तीला मुळीच परका नाही. किंबहुना या शहराचे भवितव्य एकदा दत्तकाच्याच प्रश्नावर ठरले होते. बिंबाजी भोसले यांनी १७५८ पासून रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहिला आणि त्यांच्यामागोमाग मराठी कुटुंबे या प्रदेशात स्थिरावली. डिसेंबर १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले. राजघराण्याने पुढे केलेले दत्तविधान ईस्ट इंडिया कंपनीने मानले नाही. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि त्यासोबत रायपूरही गेले. अवघ्या महिनाभरापूर्वी, नोव्हेंबर १८५३ मध्ये, झाशीच्या गंगाधररावांनी मृत्युशय्येवर घेतलेल्या दामोदररावांच्या दत्तकाचेही तेच झाले होते.

इतिहासातील ही उदाहरणे आपण वारसाहक्काच्या अंगाने वाचतो. मुलाच्या अंगाने ती क्वचितच वाचली जातात. कवळाण्याच्या शेतकरी घरातील गोपाळराव २७ मे १८७५ रोजी दत्तविधानाने बडोद्याचे सयाजीराव झाले, तेव्हा त्यांचे वय बारा वर्षांचे होते. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरचे शाहू छत्रपती झाले, तेव्हा त्यांना दहावे वर्ष चालू होते. ही दोन्ही दत्तके, आजच्या परिभाषेत बोलायचे तर, ‘मोठ्या वयाच्या मुलांची’ होती. मात्र त्यांचे नाव बदलले तरी भाषा सुटली नाही. शाहूंचे जनक पिता जयसिंगराव घाटगे हयात होते आणि कोल्हापूरच्या कारभारातच होते. सयाजीरावांचे भाऊही पुढे बडोद्यात राहिले. मुलाला नवे घर मिळाले, पण जुने घर पुसले गेले नाही.

आजचे कायदेशीर दत्तक याच्या नेमके उलट आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे दत्तक आदेशाच्या तारखेपासून मूल सर्व अर्थांनी दत्तक पालकांचे होते आणि जन्मकुटुंबाशी असलेले त्याचे सर्व संबंध संपुष्टात येतात. दोन महिन्यांच्या बाळासाठी ही तरतूद संरक्षक कवच आहे. नऊ वर्षांच्या मुलासाठी तीच तरतूद एक अशक्य अपेक्षा ठरू शकते. कायद्याने संबंध संपतो. स्मरण संपत नाही.

कायद्याची उलटी दिशा

लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्राची याचिका म्हणून दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९८४ मध्ये परदेशी दत्तकाबाबत पहिली सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी लिहिलेल्या त्या निकालात, मूल परदेशी कुटुंबात द्यायचेच असेल तर ते शक्यतो तीन वर्षांचे होण्यापूर्वी द्यावे, असे म्हटले होते. लहान मूल नव्या परिसरात व संस्कृतीत अधिक सहजतेने मिसळते, हे त्यामागील कारण होते. मोठ्या मुलांना न्यायालयाने दार बंद केले नव्हते. सात वर्षांवरील मुलाची इच्छा शक्यतो जाणून घ्यावी, असेही सुचविले होते. तरीही कल स्पष्ट होता.

तीन दशकांनंतर चित्र पालटले. १५ जानेवारी २०१६ रोजी अमलात आलेल्या बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ५९ नुसार, दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित झालेल्या मुलाला साठ दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय पालक मिळाले नाहीत, तर ते परदेशी दत्तकासाठी उपलब्ध होते. याच कलमात पुढे म्हटले आहे, की शारीरिक वा मानसिक अपंगत्व असलेली मुले, भावंडे आणि पाच वर्षांवरील मुले यांना परदेशी दत्तकासाठी प्राधान्य देता येईल.

म्हणजे १९८४ मध्ये ज्या मुलांना परदेशात रुजणे कठीण जाईल असे न्यायालयाला वाटत होते, नेमक्या त्याच मुलांसाठी २०१५ चा कायदा परदेशाचे दार प्रथम उघडतो. यात विसंगती दिसते, पण तिचे कारण कायद्यात नसून आपल्या समाजात आहे. देशातील इच्छुक पालकांची रांग तान्ह्या बाळांसाठी आहे. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण अर्थात ‘कारा’च्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये एकूण ४,५१५ दत्तकविधाने झाली आणि त्यांपैकी ४,१५५ देशांतर्गत होती. उरलेली ३६० मुले देशाबाहेर गेली. संख्या लहान आहे. परंतु सर्वांत अवघड नाते जुळविण्याचे काम सर्वांत दूरच्या आणि मुलाची भाषा न येणाऱ्या कुटुंबावर सोपवायचे, असा हा व्यवहार आहे. ते सोपवायचेच असेल, तर त्याची पूर्वतयारी करून देणे ही सोपविणाऱ्याची जबाबदारी ठरते.

प्रतीक्षेचे दिवस

प्रक्रिया थोडक्यात अशी. बालकल्याण समिती मुलाला मुक्त घोषित करते. मुलाचा सामाजिक व वैद्यकीय अहवाल परदेशातील अधिकृत संस्थेमार्फत पालकांपर्यंत जातो. ‘कारा’ ना हरकत प्रमाणपत्र देते. सप्टेंबर २०२२ पासून दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. आदेशापूर्वी मुलाचे वय व समज पाहून त्याची इच्छा विचारात घेणे कलम ६१ नुसार बंधनकारक आहे. त्यानंतर पारपत्र, हेग कराराखालील अनुरूपता प्रमाणपत्र आणि व्हिसा. भारताने हा करार २००३ मध्ये स्वीकारला. अमेरिकेत जाणाऱ्या मुलाचा व्हिसा नवी दिल्लीतील दूतावासातून होतो. रायपूरच्या मुलाने आयुष्यात प्रथमच विमान पाहावे, प्रथमच दिल्ली पाहावी आणि प्रथमच दोन अनोळखी माणसांच्या खोलीत झोपावे, हे सारे एकाच आठवड्यात घडते.

या दिवसांविषयी समाजकार्य करणाऱ्यांचा अनुभव बराच एकसारखा आहे. सुरुवातीचे काही दिवस मूल आदर्श वागते. सांगितले ते खाते, दिले ते घालते, हसते आणि हात धरते. पालक सुखावतात, घरी छायाचित्रे पाठवितात. हा आज्ञाधारकपणा म्हणजे माया नव्हे. संस्थेत वाढलेले मूल नव्या मोठ्या माणसांना खूश ठेवण्याची कला फार लवकर शिकलेले असते. अनोळखी व्यक्तीच्या गळ्यात सहज पडणारे मूल प्रेमळ असेलच असे नाही. कोणावर विश्वास ठेवावा हे त्याला अजून ठरविता आले नसण्याचा संभव अधिक. नंतर एखाद्या दिवशी, बहुधा रात्री, बांध फुटतो. मूल आंघोळीला नकार देते, पलंगाखाली जाऊन झोपते, मारते, चावते किंवा तासन्‌तास गप्प बसते. उशीखाली पोळीचा तुकडा लपविलेला सापडतो. पालकांना वाटते, आपले काही चुकले. वस्तुतः मूल प्रथमच काही खरे सांगत असते.

अशा वेळी अतिथिगृहाची खोली हे कठीण ठिकाण आहे. तेथे शाळा नाही, सवंगडी नाहीत, अंगण नाही. दूरचित्रवाणी संच तेवढा आहे. पालक मग मुलाला घेऊन बाहेर पडतात. मॉल, प्राणिसंग्रहालय, खेळण्यांची दुकाने. हेतू चांगला असतो, पण ज्याचे सारे जग नुकतेच बदलले आहे त्याला आणखी नवलाई नको असते. त्याला हवा असतो कालच्यासारखाच आज. तोच वरण-भात त्याच वेळी, तेच पांघरूण आणि रात्री तोच एक दिवा. संस्थेतून येताना अंगावर असलेला जुना फ्रॉक लगेच टाकून न देणे, ही गोष्ट क्षुल्लक वाटते. परंतु त्या फ्रॉकाला ओळखीचा वास असतो. कपडे धुवायला टाकण्याची घाई करणाऱ्या पालकांना हे कोणीतरी आधी सांगायला हवे.

खाऊ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे ही कामे या दिवसांत नव्या आईवडिलांनीच करावीत, इतरांनी नव्हे, असे जाणकार सांगतात. आठ वर्षांच्या मुलाला भरविणे विचित्र दिसते. तथापि ज्या मुलाला तान्हेपणी कोणी भरविले नाही त्याला हे थोडे उशिरा मिळाले तर त्यात वावगे काही नाही. जबरदस्ती मात्र नको. शेजारी बसून एकाच ताटातले फळ वाटून खाणे हीदेखील सुरुवातच आहे.

संस्थेत पुन्हा भेटीला जावे की नाही, यावर मतभेद आहेत. मुलाच्या जखमा पुन्हा उघड्या होतील, म्हणून ते टाळावे असे काहींचे म्हणणे असते. माझे मत याच्या विरुद्ध आहे. निरोप न घेता निघालेले मूल आयुष्यात एकदा आधीच तसे निघालेले असते. दुसऱ्यांदा तरी त्याला मैत्रिणींना पत्ता देता यावा, आपली खाट कोणाला मिळणार हे विचारता यावे आणि सांभाळणाऱ्या बाईंच्या कुशीत मनसोक्त रडता यावे. त्या रडण्याने नव्या आईचे काहीही कमी होत नाही. एका माणसावर जीव जडू शकतो हे मुलाने सिद्ध केलेले असते आणि दुसऱ्यावरही जडेल, याची तीच एकमेव हमी असते.

कोणत्या भाषेत ‘आई’ म्हणायचे

छत्तीसगढीत आईला ‘दाई’ म्हणतात. मराठीत दाई म्हणजे सुईण किंवा मूल सांभाळणारी पगारी बाई. मराठी संस्थांत सांभाळणाऱ्या स्त्रियांना मुले ‘मावशी’ किंवा ‘ताई’ म्हणतात. नव्या आईसाठी कोणता शब्द वापरायचा, हा प्रश्न मोठ्या मुलापुढे खराखुरा उभा असतो, कारण तो शब्द त्याने पूर्वी कोणासाठी तरी वापरलेला असतो. तो लगेच मिळावा अशी अपेक्षा करणे घाईचे ठरेल. काही मुले महिनोन्‌महिने काहीच हाक मारत नाहीत. बाही ओढून लक्ष वेधतात.

मूल परदेशी भाषा चटकन शिकेल, असे सर्वजण म्हणतात आणि ते खरे आहे. त्याची दुसरी बाजू कमी बोलली जाते. तीन ते आठ या वयात कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या व्यक्तींचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रौढपणी त्यांना कोरियन वाक्ये ऐकविली असता ती ओळखता आली नाहीत आणि मेंदूच्या चित्रणातही त्या भाषेचा वेगळा प्रतिसाद आढळला नाही. याउलट, तान्हेपणी चीनमधून कॅनडात गेलेल्या मुलींवरील २०१४ च्या अभ्यासात, चिनी भाषेचा गंध नसलेल्या त्या मुलींच्या मेंदूने चिनी स्वर ओळखीचे असल्याप्रमाणे प्रतिसाद दिला. शास्त्रज्ञांचा वाद चालू राहील. पालकांच्या दृष्टीने बोध एवढाच, की न वापरलेली भाषा अगदी आठव्या वर्षीदेखील हातातून निसटू शकते.

आपल्या शेजारच्या खांडव्याचे उदाहरण जगभर गाजले. १९८६ मध्ये पाच वर्षांचा शेरू आगगाडीत झोपी गेला आणि कोलकात्यात हरवला. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियातील ब्रायर्ली दांपत्याने त्याला दत्तक घेतले. आपले नाव तो ‘सारू’ असे उच्चारीत असल्याने तेच नाव राहिले. नव्या आईने त्याच्या खोलीत भारताचा नकाशा लावला होता. पंचवीस वर्षांनी, २०१२ मध्ये, उपग्रह-नकाशांच्या साहाय्याने तो आपल्या वस्तीत पोहोचला आणि आई भेटली. पण तिच्याशी बोलायला त्याला दुभाष्या लागला. ‘लायन’ या २०१६ च्या चित्रपटामुळे ही कथा सर्वज्ञात झाली. त्या घरात भारतातूनच आलेला आणि आधी पुष्कळ सोसलेला दुसरा मुलगा मंतोष याला रुळणे किती जड गेले, तो भाग तुलनेने दुर्लक्षित राहिला. घर एक, आईवडील तेच, माया तीच; तरी दोन मुलांचे दोन निराळे अनुभव.

मूळ भारतीय असलेल्या कुटुंबात हा प्रश्न आपोआप सुटतो, असा एक समज आहे. अनिवासी भारतीयांना दत्तकासाठी देशातील पालकांच्या बरोबरीने संधी मिळते. त्यामुळे न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये स्थायिक झालेली मराठी दांपत्येही या यादीत असतात. परंतु बस्तरमधून आलेल्या हलबी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलीला पुणेरी मराठी तितकीच परकी आहे. दिसण्यातील साम्यामुळे उलट अपेक्षा वाढतात. ‘आपलीच मुलगी आहे, लगेच मिसळेल’ हे वाक्य तिच्यावर ओझे टाकते. नात्यातील मुलाबाबत परिस्थिती बरीच बरी असते. कायद्याच्या कलम ६० खाली परदेशस्थ काका, मामा, आत्या, मावशी किंवा आजी-आजोबा नात्यातील मुलाला दत्तक घेऊ शकतात. तेथे भाषा, स्वयंपाक आणि कुळाचार ओळखीचे असतात. पण दुःख दोघांचेही असते. आईवडील गमावलेला पुतण्या ज्यांच्या घरी जातो, त्या काकांनीही भाऊ गमावलेला असतो.

नाते न जुळल्यास

अपयशाची उदाहरणे सांगताना संयम हवा, पण ती टाळता येत नाहीत. १९८९ मध्ये मुंबईतून अमेरिकेत नेलेली एक मुलगी एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहिली. तिचे नागरिकत्व मात्र कोणीच पूर्ण केले नाही. पुढे एका गुन्ह्यात शिक्षा झाल्यावर, पती व दोन मुले तेथेच असताना, २००८ मध्ये तिला ‘मायदेशी’ पाठविण्यात आले. त्या मायदेशाची भाषा तिला येत नव्हती. एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेतील एका दत्तक मातेने सात वर्षांच्या मुलाला चिठ्ठी देऊन एकट्यालाच मॉस्कोच्या विमानात बसविले. ऑक्टोबर २०१७ मध्ये टेक्सासमध्ये बिहारहून नेलेल्या तीन वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. मुलगी दूध पीत नव्हती म्हणून तिला रात्री घराबाहेर उभे केले, असे दत्तक पित्याने प्रथम सांगितले होते. २०१९ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

अशा घटनांमुळे, आणि त्याहीपेक्षा कागदपत्रांतील गैरव्यवहार उघड झाल्यामुळे, जगात परदेशी दत्तकाचा ओघ आटत आहे. चीनने २०२४ मध्ये परकीय कुटुंबांना मुले देणे, नात्यातील अपवाद वगळता, थांबविले. नेदरलँड्सनेही त्याच वर्षी हा मार्ग टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले. पुण्यातील एका संस्थेविरुद्ध केंद्रीय अन्वेषण विभागाने २०१० मध्ये गुन्हा नोंदविला होता, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. परंतु दार सरसकट बंद केल्यास अकरा वर्षांच्या त्या मुलाचे काय, याचे उत्तर बंदीचा पुरस्कार करणाऱ्यांनीही द्यावयास हवे. अठरा वर्षे पूर्ण होताच संस्थेचा आधार सुटू लागतो. तेथपर्यंत खाटच त्याचे घर.

भारतीय नियमांत पाठपुराव्याची तरतूद आहे. मूल परदेशात पोहोचल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल पाठवावा लागतो. म्हणजे दोन वर्षांत सहा अहवाल. ते लिहिणाऱ्या समाजकार्यकर्त्याला मुलाची भाषा येत असेलच असे नाही. पहिल्या तीन महिन्यांत मुलाला नवी भाषा येत नसते आणि वर्षाअखेर जुनी उरलेली नसते. मधल्या काळात त्याला जे सांगायचे असते, ते ऐकायला कोणीच नसते. पहिल्या दोन अहवालांच्या वेळी तरी मुलाच्या भाषेत बोलणारी एक व्यक्ती, दूरध्वनीवरून का होईना, उपलब्ध करणे राज्य दत्तक संसाधन संस्थांना अशक्य नाही. प्रत्येक जिल्ह्यात शिक्षक आहेत, आकाशवाणीचे निवेदक आहेत, भाषांतरकार आहेत. खर्च नगण्य आहे.

तात्यापाऱ्यातील त्या यादीत शेवटी एकशे बारा शब्द झाले. ‘सुंदर’ आणि ‘आनंद’ मागे गेले. पहिल्या पानावर भूक, तहान, पोट, शू, भीती, थंडी, नको, पुरे, थांब, परत येईन हे शब्द आले. ‘परत येईन’ हे त्या दांपत्याने स्वतःहून मागितले होते. खालच्या दुकानातून पाणी आणण्यासाठी दोघांपैकी एकजण खोलीबाहेर पडला, की ती मुलगी दाराशी जाऊन उभी राहत असे.